चार दिवसांची किल्ली

भांडाराचं कुलूप किल्ली फिरवण्याआधी थोडं वर उचलावं लागतं. नाही उचललं तर किल्ली नुसती फिरते, कुलूप उघडत नाही. हे गावात फक्त काकूंना माहीत होतं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी ते उघडलंच नव्हतं.

भांडार म्हणजे आमच्या गावाचं सहकारी किराणा दुकान. एक लांबट खोली, पुढे लाकडी काउंटर, मागे गोदाम. काउंटरच्या टोकाला एक फळी आहे, ती उचलून आत जायचं. दुकान कोणा एकाचं नाही, सभासदांचं. घरटी एक सभासद. प्रत्येक सभासदाचा एक पितळी बिल्ला, त्यावर आकडा कोरलेला. सगळे बिल्ले आतल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असतात. त्यांच्या खाली पाटी आहे: 'बिल्ला असेल त्यानेच आत यावे.' पाटी काकूंनी स्वतः रंगवली होती. शेवटच्या शब्दाला जागा उरली नाही, म्हणून तो भिंतीला अंग चोरून उभा राहिल्यासारखा दिसतो.

पाटी त्या पाळायच्याही. एकदा अध्यक्षांचा जावई काडेपेटी घ्यायला फळी उचलून सरळ आत शिरला.

"जावईबापू, तुमचा बिल्ला कितवा?" काकूंनी विचारलं.

"बिल्ला? अहो, मी यांचा जावई."

"ते घरी. इथे तुम्ही गिऱ्हाईक. व्हा बाहेर."

जावई पुढचा सबंध उन्हाळा सासुरवाडीला फिरकला नाही. अध्यक्ष मात्र खूश होते. जावयाचा पाहुणचार वाचला, असं त्यांनी खासगीत सांगितलं.

अध्यक्ष व्यवसायाने टेलर. भांडारासमोर, बसथांब्याच्या शेजारी त्यांचं मशीन. भांडार सुरू झालं तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत, कारण सभेत दुसरं कोणी हात वर करत नाही. काकूंचे यजमान त्यांचे मित्र. ते भांडाराचा टेम्पो चालवायचे आणि दुकानही बघायचे. एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. घरी माणसं येत-जात होती त्याच दिवसांत अध्यक्ष आले, काकूंसमोर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, चार दिवस सांभाळा. मी माणूस बघतो."

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले तेव्हा मला दुपारी बसायला जागा हवी होती. घरी आई भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, पाणी भरताना एकच विचारायची, आता पुढे काय. भांडारात हे कोणी विचारत नसे. मी पुस्तक घेऊन जायची. माझा बिल्ला नव्हता, घरचा बिल्ला बाबांच्या नावाचा. त्यामुळे काउंटरच्या बाहेर, मिठाच्या पोत्यावर बसायची.

"साखरेच्या पोत्यावर बसू नकोस," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मुंग्यांना साहित्यातलं काही कळत नाही."

त्यांनी माझं नाव कादंबरी ठेवलं. काय गं कादंबरी, कुठवर आलं? मग मी वाचलेलं सांगायची. त्या पुड्या बांधता बांधता ऐकायच्या. वरच्या आकड्याला दोऱ्याचं रीळ लटकत असे. त्या न बघता हात वर करायच्या, दोरा हातात यायचा, पुडीभोवती दोन फेरे, एक झटका, दोरा तुटायचा. त्यांना गोष्टीतला एकच भाग महत्त्वाचा वाटायचा.

"ती बाई शेवटी जाते का?"

"जाते."

"जाते म्हणजे कशी? कोणी अडवत नाही तिला?"

मी सांगायची की अडवतात, पण ती जाते. काकू मान हलवायच्या. त्यांचं समाधान होत नसे. दार कोणी लावलं, मागे चुलीवर काय होतं, किल्ली कोणाकडे दिली, असं सगळं त्यांना हवं असायचं. ते पुस्तकांत नसायचं.

त्या दमलेल्या होत्या. हे मला कळायला बरेच दिवस लागले, कारण त्या तसं म्हणत नसत. त्या म्हणायच्या, आजकाल पोती जड येतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तेलाचा रिकामा डबा पालथा घालायच्या आणि त्यावर पाय ठेवायच्या. चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायांवर उमटलेले असायचे. उन्हाळा संपत आला की पत्र्याखाली बसवत नसे. साबणाच्या वड्या घामेजायच्या, मेणबत्त्या खोक्यात एकमेकींना चिकटायच्या. काकू त्या एकेक करून सोडवत बसायच्या, झोपलेल्या मुलांना बाजूला करावं तशा.

त्यांची थोरली बहीण तालुक्याच्याही पुढे, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहते. दर रविवारी भांडाराच्या फोनवर तिचा फोन यायचा. ताईला ऐकायला कमी येतं, त्यामुळे काकूंना ओरडून बोलावं लागायचं आणि सगळ्या रांगेला दोन्हीकडचं कळायचं. ताईची नजर अधू होत चालली होती. अंधार पडला की तिला घरातल्या घरात चाचपडावं लागे. तिच्याकडे मागची एक खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. ती तिने काकूंसाठी ठेवली होती. पुढच्या वर्षी येते, असं काकू दर वर्षी म्हणायच्या.

या वर्षी ताईने ओरडून सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत खोली ठेवते. मग भाडेकरू ठेवणार. मला रात्री घरात माणूस हवं गं. तू नाही तर परकं."

"येते," काकू ओरडल्या. "सभा झाली की येते."

रांगेतल्या गिरणीवाल्या मामी हसल्या. "येतील हो येतील! आमची काकू गेली तर आम्ही चहात काय बोटं बुडवायची?"

सगळे हसले. काकूही हसल्या, पण फोन ठेवल्यावर त्यांचा हात बराच वेळ रिसीव्हरवरच राहिला.

भांडाराची वार्षिक सभा उन्हाळ्याच्या शेवटी शाळेत होते. पहिलीच्या वर्गात, कारण तिथेच पंखा चालतो. गावातली मोठी माणसं चिमुकल्या बाकांवर गुडघे वर काढून बसतात. सगळ्यात शेवटचा विषय किल्लीचा. काकूंनी पहिल्या वर्षी खरोखरच किल्ली टेबलावर ठेवली होती आणि माणूस बघा म्हणून विनंती केली होती. लोकांना वाटलं, बाईंचा धीर सुटलाय. त्यांनी टाळ्या वाजवून धीर दिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा किल्ली, पुन्हा टाळ्या. मग तो रिवाजच पडला. अध्यक्ष किल्ली उचलून विचारतात, "कोण घेतं?" सगळे खाली बघतात. अध्यक्ष किल्ली काकूंच्या हातात देतात. टाळ्या. चहा.

यात काकूंचाही हात होता. दर वर्षी तेच रडगाणं गायची लाज वाटते, म्हणून त्यांनी त्याचं हसू करायला सुरुवात केली. किल्ली टेबलावर आपटून म्हणायच्या, "हे घ्या तुमचं लोढणं!" लोक त्या वाक्याची वाट बघायचे. पोरं खेळात एकमेकांच्या गळ्यात दप्तर अडकवून तेच म्हणायची.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कादंबरी, तू शिकलेली आहेस. माणसाला खरं वाटेल असं कसं बोलायचं?"

मी विचार केला. म्हटलं, "साधं बोला. लोढणं म्हणू नका. आवाज चढवू नका. जे आहे तेच सांगा."

"तेवढंच?"

"तेवढंच."

सभासद नसलेल्यांना मागे उभं राहता येतं, बोलता येत नाही. मी फळ्याशेजारी उभी होते. काकू पुढे आल्या. किल्ली आपटली नाही, अलगद ठेवली.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या. "ताईला दिसत नाही. माझेही पाय चालत नाहीत आता. या वर्षी कोणीतरी किल्ली घ्या. मी हात जोडते."

त्यांनी खरोखर हात जोडले. क्षणभर वर्गात फक्त पंखा ऐकू आला. मला वाटलं, झालं.

मग गिरणीवाल्या मामींनी टाळी वाजवली. "अगं बाई! या वर्षी काय काम केलंय काकूंनी!"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं की!" "नाटक कंपनी काढा काकू, तिकिटं आम्ही विकतो!" माणसं पोट धरून हसत होती. टाळ्या थांबेनात. माझे बाबा दुसऱ्या रांगेत होते. मी पुढे वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, त्या खरं बोलतायत."

"हो तर," बाबा हसत म्हणाले, "म्हणून तर इतकं छान झालं." आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

अध्यक्षांनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं. त्यांनी किल्ली उचलली आणि विचारलं, "कोण घेतं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या, खांदे मात्र हलत होते. अध्यक्षांनी किल्ली काकूंपुढे धरली.

काकूंचा हात पुढे आला. आपोआप आला. रिळाच्या दोऱ्यासाठी वर जायचा तसाच, न बघता. किल्ली हातात पडल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे.

चहा झाला. घरी जाताना बाबा म्हणाले, वाईट कसलं वाटून घ्यायचं, त्यांच्याशिवाय भांडार म्हणजे नुसतं गोदाम. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. गावात कोणी वाईट नाही. मला सगळ्यात जास्त हेच अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी भांडार वेळेवर उघडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी मिठाच्या पोत्यावर पुस्तक उघडून बसायची, पान उलटत नसे. काकूंनी कुठवर आलं हे विचारलं नाही. त्या मुकाट्याने मेणबत्त्या सोडवत होत्या. एकदा मध्येच म्हणाल्या, "माझाच हात गं तो. लोकांना काय बोल लावायचा?"

त्यानंतरच्या सोमवारी साखर आली. साखर आली की सकाळीच रांग लागते. गिरणीवाल्या मामी पुढे होत्या, मागे त्यांचे यजमान पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट उभे होते, त्यांच्या मागे आणखी माणसं. अध्यक्षही मशीनवरून उठून आले होते. काकूंनी पोत्याच्या शिवणीचा नेमका दोरा धरून ओढला. शिवण सरसर उसवत गेली. त्यांनी पोत्याचं तोंड दुमडलं, मापटं आत खोचून ठेवलं, तागडी पुसली. मग भिंतीजवळ गेल्या आणि खिळ्यावरून एक बिल्ला काढला. फळी उचलली, बाहेर आल्या, फळी परत खाली ठेवली. किल्ली काउंटरवर आणि बिल्ला अध्यक्षांच्या हातात.

"हे काय, वहिनी?" अध्यक्षांनी बिल्ला उलटसुलट केला. "घासून द्यायचाय का?"

रांग हसली.

"माझा बिल्ला आहे. परत करते. मामी बघतायत, तुम्ही बघताय. दोन सभासद झाले."

"काकू, सभा झाली की परवाच," मामी म्हणाल्या. "आता पुरे करा नाटक. साखर द्या, चूल खोळंबली."

"कशी देऊ? मला आत जाता येत नाही. पाटी वाचा."

सगळ्यांनी पाटी वाचली. रोज डोळ्यांसमोर असलेली पाटी त्या दिवशी गावाने पहिल्यांदा वाचली असावी. हसू रांगेच्या पुढच्या टोकाकडून मागे मागे विरत गेलं.

इथे आमच्या भांडाराचा एक नियम सांगायला हवा. पूर्वी लोक भांडणात बिल्ला फेकून द्यायचे आणि संध्याकाळी घरातली साखर संपली की परत मागायला यायचे. या रोजच्या तमाशाला कंटाळून अध्यक्षांनीच एक नियम करून घेतला होता: दोन सभासदांसमोर परत केलेला बिल्ला पुढच्या सभेपर्यंत कोणालाही देता येणार नाही. किल्ली सोडायची की नाही हे सभा ठरवते. बिल्ला सोडायला सभेला विचारावं लागत नाही. इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंच्याही नाही.

अध्यक्षांनी बिल्ला पुढे केला. "घ्या, घ्या परत. कोणी पाहिलं नाही."

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. मी त्यांच्या मागे होते. बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसत होती.

"नियम कोणी केला?" त्यांनी विचारलं.

"मी केला. पण तो भांडणाऱ्यांसाठी, तुमच्यासाठी नाही."

"माझ्या बिल्ल्यावरही आकडाच आहे, भाऊजी."

 मामींचा चेहरा उतरला होता. त्यांना राग आला होता की रडू, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. "म्हणजे तुम्ही खरंच जाणार? मग आम्ही काय करायचं? असं वाऱ्यावर सोडून?"

काकूंनी किल्लीकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"चार दिवस सांभाळा," त्या म्हणाल्या. "माणूस बघा."

कोणी टाळी वाजवली नाही.

त्या दिवशी साखर कोणी वाटली? मामींनीच. त्यांच्या यजमानांनी त्यांना कोपराने ढोसलं, तुझा माझा बिल्ला एकच, जा आत. मामींनी फळी उचलली, ती त्यांच्याच बोटावर पडली. दोऱ्यासाठी हात वर केला, रीळ सापडलं नाही. पहिली पुडी काउंटरवरच सुटली. काकू तोवर घरी गेल्या होत्या.

मी दुपारी त्यांच्याकडे गेले. बॅग आधीच भरलेली होती, बहुधा सभेच्या आधीपासून. एकच बॅग आणि एक पिशवी. घर झाडून घेतलेलं, माठ पालथा घातलेला. मागचं दार लावलंत का, असं मी विचारलं. त्या हसल्या. "तुझ्या पुस्तकात नसतं, नाही का? लावलं. चुलीवर काही नाही."

बसथांबा भांडाराच्या अगदी समोर. ऊन पांढरं होतं. थांब्याच्या बाकावर आम्ही बसलो. भांडार जेवणासाठी बंद केलेलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.  काकूंना आनंद झालाय का ते मी चेहऱ्यावर शोधत होते. तिथे फक्त थकवा होता, दिवसभर पोती उतरवल्यावर असतो तसा.

"टाळ्या वाजल्या नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"बरं झालं. टाळ्या ऐकल्या की माझं काही खरं नसतं."

तेवढ्यात समोर अध्यक्ष आले. जेवून आले होते, हातात किल्ली. दुकान उघडायची वेळ झाली होती. त्यांनी किल्ली कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडलं नाही. पुन्हा फिरवली. किल्ली काढून तिच्यावर फुंकर मारली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. मागून मामी आल्या, मोठी पिशवी सांभाळत. दोघं कुलपाशी वाकले. मामींनी दाराला धक्का दिला. अध्यक्षांनी कुलपावर चापट मारली.

"वर," काकू पुटपुटल्या. "आधी वर."

त्या बाकावरून अर्ध्या उठल्या. त्यांचा उजवा हात पुढे आला होता, तळवा वर, बोटं वाकलेली, हवेत काही तरी उचलायच्या बेतात. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली सरकवून त्यांच्यावर बसून राहिल्या, वर्गात मस्ती करणाऱ्या मुलाला बसवतात तशा.

"मी सांगून येऊ का?" मी विचारलं.

"मी गेल्यावर सांग. आत्ता सांगितलंस तर ते इकडे बघतील."

अध्यक्षांनी घाम पुसला. मामींनी किल्ली त्यांच्याकडून घेतली आणि स्वतः प्रयत्न करू लागल्या. काकूंची नजर हलत नव्हती. हातांवर सगळं वजन टाकून त्या बसल्या होत्या. 

कुलूप उघडलं का ते आम्हाला दिसलं नाही. मध्ये बस येऊन उभी राहिली.

कंडक्टरने बॅग वर घेतली. काकूंनी हात मोकळे केले, त्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ उमटले होते. त्यांनी तेच हात माझ्या गालावर ठेवले आणि म्हणाल्या, "कादंबरी, मिठाच्या पोत्यावरच बस हं." मग एकेक पायरी दम खात चढल्या. बस अर्धी रिकामी होती. भांडाराच्या बाजूच्या खिडक्या मोकळ्या होत्या. त्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या, जिथून भांडार दिसत नाही.